खळ लावलेली पुस्तकं

आमच्या घरात माग चालू असताना माणसं हातांनी बोलायची आणि करंट गेला की गरजेपेक्षा मोठ्यानं. वडगावच्या त्या गल्लीत बहुतेक घरांची रचना सारखीच होती. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागं स्वयंपाकघर, आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत झोपणं, अभ्यास, पाहुणे, आजारपण असं सगळं. आप्पांना जेवायला बोलवायचं तर आई दारात उभी राहून रिकामी थाळी हलवायची. चहाला पेला उलटा धरायची. पाहुणा आला असेल तर डोक्यावर पदर ओढून दाखवायची, आणि वसुलीवाला असेल तर नुसती आत निघून जायची. मागांचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे, तो थांबला की ऐकू येई. करंट गेला की अख्खी गल्ली एकदम गप्प व्हायची, मग माणसं कट्ट्यावर येऊन बसायची आणि पहिली पाच-दहा मिनिटं शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलायची. कानांना सवय व्हायला तेवढा वेळ लागत असे. आई तेव्हाही रिकामी बसत नसे. सुताच्या कांड्या भरायचा तिचा रहाट हातानं चालायचा, त्याला करंट लागत नव्हता.

आप्पांची ओळख गल्लीत विणकर म्हणून जेवढी होती त्याहून जास्त खळीसाठी होती. ताण्याच्या उभ्या सुताला मागावर चढवण्याआधी खळ द्यावी लागते, नाहीतर ते तुटतं. पॉवरलूम आले तरी काही घरांत हे काम हातानंच चालू होतं आणि त्यांची खळ आप्पा शिजवून द्यायचे. तांदळाची कणी रात्रभर भिजवायची, वाटायची, मंद आचेवर ढवळत राहायची, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. पातळ किती, याचं माप ते दोन बोटांत धरून सांगत. शिजणाऱ्या खळीचा वास भाताच्या पेजेसारखा असायचा, आणि पातेल्यातली पहिली वाटी, मीठ घालून, आम्हा मुलांची. सकाळी हुलग्याचं माडगं नसेल त्या दिवशी तीच न्याहारी. जे मुलांना एवढं आवडतं ते आणखी कुणाला आवडत असेल, हा विचार त्या घरात कधी कुणाच्या डोक्यात आला नाही. पुढं जे झालं त्याचं कारण एवढंच आहे.

आमच्या शाळेच्या आवारात दोन शाळा होत्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, मधे एक नळ. मी सातवीत गेले त्या वर्षी मराठी शाळेत पुस्तकांची दोन खोकी आली. परदेशातल्या कुठल्या तरी संस्थेनं तिकडच्या मुलांची वाचून झालेली पुस्तकं गोळा करून गरीब देशांतल्या शाळांसाठी पाठवली होती, असं आम्हाला सांगण्यात आलं. ती आमच्याच शाळेपर्यंत कशी पोचली, हे मला नंतर शोधूनही कळलेलं नाही. सगळी पुस्तकं इंग्रजीत होती. जाड गुळगुळीत कागद, पानभर चित्रं आणि चित्राखाली दोन-तीन ओळी. मुख्याध्यापक मुतगेकर सरांनी त्यांची यादी केली, प्रत्येक पुस्तकावर शाळेचा शिक्का मारला, ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. तपासणीला येणारा माणूस वस्तू यादीप्रमाणे आहेत का आणि स्वच्छ आहेत का एवढंच बघतो, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. कुलपाच्या मागं पुस्तकं यादीप्रमाणेही राहतात आणि स्वच्छही.

आता निवृत्तीनंतर आम्ही चार-पाच जण खेड्यांतल्या शाळांना पुस्तकं पोचवतो. गेल्या वर्षी सदलग्याकडच्या एका शाळेत मला ग्रंथालय दाखवण्यात आलं. काचेचं कपाट होतं, आत पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनासकट होती आणि वेष्टनावर धूळ नव्हती. गुरुजींनी ते अभिमानानं दाखवलं.  मी त्यांना सगळ्यात फाटकं पुस्तक कुठलं आहे, एवढंच विचारलं. तसं एकही नाही, असं त्यांनी सांगितलं.

आमचं कपाट उघडलं ते चौगुले बाईंनी. त्या निपाणीच्या. आमच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जायच्या. नोकरीला लागून त्यांना दुसरंच वर्ष चालू होतं आणि त्या अजून कायम झाल्या नव्हत्या. कायम व्हायचं तर मुख्याध्यापकांचा शेरा चांगला जावा लागतो, हे आम्हा मुलांनाही माहीत होतं, कारण गल्लीत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असे. किल्ली मागायला त्या गेल्या तेव्हा मी खडू आणायला ऑफिसात उभी होते.

“कुलपात ठेवून पुस्तकांचं काय करायचं सर?” बाईंनी विचारलं.

“आणि बाहेर काढून काय करायचं? इंग्रजी हाय ते. तुमच्या पोरांना मराठी वाचताना घाम फुटतोय.”

“मी सांगते की त्यांना अर्थ.”

“फाटलं, हरवलं, तर?”

“माझी जबाबदारी.”

सरांनी कागद पुढं सरकवला. “हे तोंडानं नको. लिहून द्या.”

बाईंनी तिथंच लिहून दिलं. कपाटातली सर्व पुस्तकं माझ्या जबाबदारीवर घेतली आहेत, अशा अर्थाची दोन वाक्यं आणि खाली सही. सरांनी तो कागद फायलीला लावला आणि किल्ली दिली.

पुढचे काही महिने शनिवारचा शेवटचा तास आम्ही ज्या कामात घालवला त्याला काय म्हणावं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. बाई शब्दकोश घेऊन बसत आणि एकेका ओळीचा अर्थ सांगत. त्याचं मराठी वाक्य आम्ही करायचं, ते कागदाच्या पट्टीवर चांगल्या अक्षरात लिहायचं आणि ती पट्टी चित्राखाली चिकटवायची. पहिल्या दोन आठवड्यांत कन्नड शाळेतली गिरिजा खिडकीशी येऊन उभी राहू लागली. बाईंनी तिला आत घेतलं. मग आमच्या पट्टीखाली तिची कन्नड पट्टी लागायला लागली. गिरिजा आमच्याच गल्लीतली, आणि वादाला आमच्या सगळ्यांपेक्षा पुढं. एका चित्रात तव्यावर गोल पातळ काहीतरी भाजलं जात होतं. आम्ही घावन लिहिलं. गिरिजा म्हणाली दोसा. बाईंनी शब्दकोशात बघून सांगितलं की ते दोन्ही नाही, त्यात अंडं आणि साखर असते. त्यावर वर्गात ठरलं की असलं काही कुणी खात नसणार, आणि दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी राहिल्या.

त्याच पुस्तकात बाप स्वयंपाक करत होता आणि मुलगा टेबलाशी बसला होता. वाक्य सरळ होतं, पण वर्गाला ते पटेना.

“बाई, आई कुठं गेलीया त्याची?” कुणीतरी विचारलं.

“पुस्तकात नाही तसं काही.”

“मग बाप का सैपाक करालाय?”

“करतात काही काही जण.”

“कोन करतंय? बाई, आई आजारी हाय असं लिवूया. न्हायतर वाचनाऱ्याला कळायचं न्हाय.”

बाई हसल्या आणि त्यांनी ते लिहू दिलं. ‘आई आजारी आहे म्हणून आज बाबा स्वयंपाक करतात.’ वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसू लागल्यावर पहिल्याच महिन्यात मला बातमीदाराच्या मजकुरातली अशी वाक्यं ओळखू यायला लागली. ज्याला घटना समजत नाही तो तिला कारण जोडतो. 

बाईंनी आणलेली डिंकाची बाटली लवकर संपली. शिवाय डिंकानं पट्टी पिवळी पडत होती आणि कडेला कागद आखडत होता. मी घरी ते आप्पांना सांगितलं. त्यांनी माग थांबवला, जे ते सहसा करत नसत, आणि एक पुस्तक मागून घेतलं. पान बोटांत धरून बघितलं, जसं सूत बघायचे तसं.

“कागद लई चांगला हाय,” ते म्हणाले. “डिंकानं नासवू नका. उद्या खळ देतो. पातळ. कापसाच्या बोळ्यानं लावायची, बोट न्हाय लावायचं.”

मी बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. खळीनं पट्ट्या अशा बसल्या की हात फिरवला तर कड लागत नसे. वापरून मऊ पडलेल्या कव्हरांनाही आप्पांनी एका रविवारी पातळ हात दिला आणि ती उन्हात वाळवली. पुस्तकं कोऱ्या लुगड्यासारखी कडक झाली. मुतगेकर सरांनी एक हातात घेऊन बघितलं आणि “हे बरं केलं,” असं म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

देवघेवीची वही माझ्याकडं होती. कुणी कुठलं नेलं, कधी परत केलं, हे मी लिहायचे आणि पुस्तक परत आलं की नावापुढं बरोबरची खूण करायचे. संध्याकाळी करंट गेला की कट्ट्यावर कुणीतरी पुस्तक उघडायचं. वाचणारा एक आणि ऐकणारे आठ-दहा, त्यात मोठी माणसंही. करंट आला की वाक्य अर्धं टाकून सगळे आत पळायचे. काही गोष्टींचे शेवट मला कितीतरी दिवस माहीत नव्हते ते यामुळं.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला एका पुस्तकाची ओढ लागली. त्यात एक बाई बस चालवते. सकाळी निघते, गावभर फिरते, तऱ्हेतऱ्हेची माणसं चढतात-उतरतात, आणि शेवटच्या पानावर ती घरी येऊन बूट काढून गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसते. त्या पानावर मजकूर जवळजवळ नाहीच. आई रहाटावर बसल्या बसल्या ते पान मांडीशी उघडं ठेवायची.

“हिला कुनी पानी गरम करून दिलं असंल?” तिनं एकदा विचारलं.

“पुस्तकात न्हाय ते,” मी म्हटलं.

“पुस्तकात न्हाय म्हनून काय कुनी दिलं न्हाय व्हय?”

ते पुस्तक माझ्या नावावर दर आठवड्याला परत जायचं आणि दर आठवड्याला पुन्हा यायचं.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी बाईंनी सरांना विचारलं की सुट्टीत प्रत्येक मुलाला दोन-दोन पुस्तकं घरी देऊया का. सरांनी नाही म्हटलं. सुट्टीत मुलं मामाच्या गावाला जातात, लोंढ्याला जातात, गोव्याला जातात, पुस्तकं कुठं शोधणार? सगळी परत घ्या, मोजा, कपाटात ठेवा, किल्ली माझ्याकडं द्या. दोन महिने. त्याप्रमाणे शेवटच्या दिवशी पुस्तकं जमा झाली. एक झालं नाही. आदल्या संध्याकाळी मी आईकडं बसवाल्या बाईचं पुस्तक मागितलं, तेव्हा तिनं मागाकडं हात दाखवला, म्हणजे ऐकू येत नाही. मी कानाशी जाऊन सांगितलं. तिनं रहाट थांबवला नाही. सकाळी पुन्हा मागितलं तर म्हणाली, “दोन म्हैने कपाट काय वाचनार हाय व्हय?” आणि भाकरी थापायला बसली. मी शाळेत गेले, वही उघडली आणि त्या पुस्तकापुढं बरोबरची खूण केली. सरांनी वहीवरून यादी ताडून बघितली, पुस्तकं मोजली नाहीत. कपाट बंद झालं.

जूनमध्ये शाळा भरली तेव्हा कपाट बाईंनी उघडलं आणि आम्ही सात-आठ मुली मागं उभ्या होतो. आधी वास आला. मग वरच्या फळीवरून झुरळं खाली पळाली, किती ते सांगता येणार नाही. बाईंनी पहिलं पुस्तक काढलं. कव्हरावरचा रंग खरवडल्यासारखा गेला होता आणि खालचा करडा पुठ्ठा दिसत होता. आत प्रत्येक चित्र जागच्या जागी होतं. चित्राखालची पट्टी नव्हती. जिथं जिथं खळ लागली होती तिथून कागद कातरून खाल्लेला होता, काही ठिकाणी खालच्या इंग्रजी ओळींसकट, काही ठिकाणी पानाला आरपार खिडकी पडली होती आणि तिच्यातून पुढच्या पानावरचं काहीतरी दिसत होतं. दुसरं पुस्तक तसंच होतं आणि तिसरंही. कागद खाणारी कसर मधल्या पानांत होती. आम्ही इतके महिने लिहिलेलं मराठी आणि गिरिजाचं कन्नड, दोन्ही सारखंच खाल्लं गेलं होतं. गिरिजा रडली नाही. तिनं एका खिडकीत बोट घालून बघितलं आणि म्हणाली, “दोसा बी गेला, घावन बी गेलं.”

सर आले, त्यांनी चार पुस्तकं चाळली, ती जमिनीवर ठेवली आणि हात झटकले. आवाज चढवला नाही. “बाई, तुमची सही हाय माझ्याकडं,” एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत शाळेत सगळ्यांना कळलं की वरती अहवाल जाणार, कपाट पुन्हा उघडायचं नाही, आणि बाईंच्या शेऱ्यात हे लागणार. मधल्या सुट्टीत बाईंनी मला नळाशी गाठलं.

“खळ कुणी आणली हे कुणी विचारलं तर सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मी हो म्हटलं होतं. तुझा काही संबंध नाही. कळलं?”

मी मान हलवली. घरी आल्यावर मात्र आप्पांना सगळं सांगितलं, आणि खाल्लेलं एक पुस्तक दप्तरातून आणलं होतं ते दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. संध्याकाळी ते घेऊन शहापूरला त्यांच्या ओळखीच्या एका बायंडरकडं गेले, मलाही नेलं. बायंडरनं कव्हर उघडून नाकाशी धरलं.

“मोरचूद घातला न्हाईस व्हय शंकर?”

“मोरचूद कशाला?”

“कशाला म्हंजे? किड्यांना इख हाय ते. आमच्या खळीत पहिला मोरचूद, मग पानी. ह्यात तर तू झुरळांना लगनाचं जेवान वाढलायस.”

आप्पा हसले नाहीत. परत येताना त्यांनी वाटेत मला समजावून सांगितलं, किंवा स्वतःलाच सांगितलं. खळ दिलेलं सूत आठ-दहा दिवसांत कापड होतं. कापड दुकानात जातं, लुगडं नेसणारी ते धुते, खळ निघून जाते. खळ लावून वस्तू महिनोन्‌महिने अंधारात ठेवायची वेळ विणकरावर कधी येतच नाही. “तीस वरसं खळ करतोय,” ते म्हणाले, “ती किती दिवस टिकवायची हे कधी इचारलंच न्हाय कुनी.”

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, “उद्या सकाळी साळंत जानार हाय. बाईंचं वाटोळं नको आपल्यापायी.”

“मी बी येते,” आई म्हणाली.

“तू कशाला?”

“माझं काम हाय.”

दुसऱ्या दिवशी चालू करंटमध्ये आमचे दोन्ही माग बंद राहिले. गल्लीतल्या दोघांनी दारातून डोकावून कोण गेलं का, असं विचारलं. आई शाळेत पहिल्यांदाच येत होती. ऑफिसात सर टेबलाशी होते, पुढं अहवालाचा मसुदा होता, आणि बाई भिंतीशी उभ्या होत्या. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही म्हणून मी दाराशी थांबले.

“सर, खळ माझी हाय,” आप्पा उभ्या उभ्याच म्हणाले. “त्यात मोरचूद घालायचा असतोय ते मला ठावं न्हवतं. बाईंची चूक न्हाय.”

“बसा शंकरराव. खळ तुमची असंल. परवानगी बाईंची हाय, आणि सही बी बाईंची हाय.”

“सर बरोबर म्हणताहेत,” बाई म्हणाल्या. “मी विचारायला पाहिजे होतं.”

तेव्हा आईनं पदराखालून पुस्तक काढलं आणि टेबलावर, मसुद्याच्या वर ठेवलं. “ह्याला बी तीच खळ हाय,” ती म्हणाली.

सरांनी ते उघडलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश उलटलं. सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या, मराठी आणि कन्नड. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा उमटलेला होता. त्याव्यतिरिक्त पुस्तकाला काही झालेलं नव्हतं.

“हे कुठं होतं?”

“घरात हुतं. सुट्टीभर.”

“यादीत सगळी जमा हाईत.” सरांनी वही ओढली, पान काढलं, बोट ठेवलं. “ही खूण कुणाची?”

“माझी,” मी म्हटलं.

“पुस्तक आलं नव्हतं आणि खूण केली?”

“व्हय सर.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हे बघणं, आणि त्याचं वर्णन मी इथं करणार नाही.

“तिनं दोनदा मागितलं,” आई म्हणाली. “मीच दिलं न्हाय. बारकी पोर काय करनार? माझ्या हातातनं हिसकून घेनार व्हय?”

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, “म्हणजे कुलपातली खाल्ली आणि लपवलेलं तेवढं राहिलं.”

“आत अंधार हाय, वारा न्हाय, मानसाचा हात न्हाय,” आप्पा म्हणाले. “वर खायाला खळ. रोज उघडतंय त्या पुस्तकात झुरळ बसत न्हाय सर. आमच्यात बी तसंच. चालू मागावर कधी जाळं धरत न्हाय.”

“म्हणजे चूक माझी म्हणा की सरळ.”

“तसं न्हाय म्हनत मी.”

“अर्धी,” आई म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. ती सरांकडंच बघत होती. “अर्धी कुलपाची, अर्धी ह्यांच्या खळीची. बाईंची कुठली म्हनायची?”

मुतगेकर सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुस्तक उचलून बाजूला ठेवलं आणि खालचा मसुदा घेतला. त्यावरच्या काही ओळी त्यांनी खोडल्या आणि लिहायला लागले. खोलीत त्यांच्या टाकाचा आवाज येत होता, आणि पलीकडून कन्नड शाळेतली मुलं पाढे म्हणत होती. लिहिलेलं त्यांनी त्या वेळी वाचून दाखवलं नाही. संध्याकाळी तो कागद क्लार्ककडं नेऊन द्यायला त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी जिन्यात उभी राहून वाचला. खोडलेल्या ओळींत ‘शिक्षिकेच्या हलगर्जीमुळे’ हे शब्द अजून वाचता येत होते. त्याखाली तीन वाक्यं होती. पुस्तकांना लावलेल्या खळीत कीड न लागण्याचे औषध नव्हते. सुटीत पुस्तके मुलांना घरी देण्याची विनंती शिक्षिकेने केली होती, ती मुख्याध्यापक या नात्याने मी नाकारली आणि कपाट दोन महिने बंद ठेवले. शिक्षिकेकडे दोष नाही. नोकरीच्या काळात माझ्या हाताखालून अधिकाऱ्यांची, पुढाऱ्यांची, संस्थाचालकांची अगणित निवेदनं गेली. त्यांत ‘मी नाकारली’ असं लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही. सरांचं ते निवेदन मी तेव्हा नीट वाचलं होतं हे माझं नशीब. चौगुले बाई पुढच्या वर्षी कायम झाल्या. देवघेवीची वही माझ्याकडून काढून गिरिजाला देण्यात आली, ती वर्षभर तिच्याकडं राहिली, आणि त्याबद्दल घरी किंवा शाळेत कुणीही मला सहानुभूती दाखवली नाही. मराठी पट्ट्या मात्र सगळ्या मलाच पुन्हा लिहायला लावल्या. या वेळी खळीत मोरचूद होता. ती निळी दिसायची, आणि पहिली वाटी मागायला आम्ही कुणी गेलो नाही.

पण हे नंतरचं. त्या सकाळी ऑफिसात, लिहिणं संपल्यावर, सरांनी टाक ठेवला आणि बसवाल्या बाईचं पुस्तक आईपुढं सरकवलं.

“हे घेऊन जा,” ते म्हणाले. “तुमच्याकडं बरं राहतंय.”

आईनं ते घेतलं नाही.

“हे बघून झालंय माझं,” ती म्हणाली. “दुसरं द्या.”

“दुसरी सगळी खाल्लेली हाईत वैनी. वाचाय काय उरलेलं न्हाय त्यात.”

“मला कुठं वाचाय येतंय? चित्रं हाईत न्हवं?”

सरांनी बाईंकडं बघितलं आणि मान हलवली. बाईंनी कपाट उघडलं. आई त्याच्यापुढं उभी राहिली. तिनं एक पुस्तक काढलं, झटकलं, दोन पानं बघितली आणि परत ठेवलं. दुसरं काढलं. तेही ठेवलं. आप्पा दाराशी पायांवर भार बदलत उभे होते. घरी दोन माग रिकामे पडले होते आणि सकाळचा करंट किती वेळ टिकेल ते सांगता येत नव्हतं.

“कुठलं बी एक घे की गं,” ते म्हणाले.

“थांबा की,” आई मागं न बघता म्हणाली. “बघू तर द्या.”